ग्रंज म्युझिक: नेहमी विचारले जाणारे प्रश्न आणि जरा सविस्तर उत्तरं

पिवळ्या स्मायलीचा, निर्वाणा या ग्रंज बँडचा टी-शर्ट हल्ली गल्लोगल्ली दिसतो. तो घालणारी पोरं मला विचारतात की काका हे नक्की काय होतं, मग मी सांगायला बसतो आणि तास-दीड तास जातो. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. १९९४ साली पुण्यात कॉलेज हॉस्टेलवर एका सीनियरने मला भरून दिलेली ९० मिनिटांची कॅसेट अजून माझ्याकडे आहे, एका बाजूला निर्वाणा आणि दुसऱ्या बाजूला पर्ल जॅम, तेव्हापासून हे संगीत माझ्या कानात आहे. एक गोष्ट आधीच सांगतो, ग्रंज म्हणजे एका गावातल्या, एकमेकांना ओळखणाऱ्या पोरापोरींनी एकमेकांसाठी केलेलं संगीत. हे धरून वाचलंत तर पुढचं बरंचसं आपोआप कळेल.

ग्रंज म्हणजे नेमकं काय?

अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात, वॉशिंग्टन राज्यातल्या सिएटल आणि आसपासच्या गावांत १९८० च्या दशकात तयार झालेलं रॉक संगीत. पंकचा राग आणि घाई एकीकडे, ब्लॅक सबाथसारख्या बँडचा जड, संथ, गडगडाटी आवाज दुसरीकडे, हे दोन्ही एकाच गाण्यात आले की जे होतं ते ग्रंज. त्या काळात अमेरिकेत पंकवाले आणि मेटलवाले एकमेकांचं तोंड बघत नसत. सिएटलमध्ये मात्र ऐकणारे मुळातच कमी, त्यामुळे दोन्हीकडची मंडळी त्याच चार जागी भेटायची आणि तिथे ही सरमिसळ झाली.

हा शब्द आला कुठून?

अमेरिकन बोलीभाषेत ग्रंज म्हणजे मळ, घाण, कळकटपणा. नंतर मडहनी या बँडचा गायक झालेल्या मार्क आर्मने १९८१ साली एका स्थानिक मासिकाला पत्र पाठवून स्वतःच्याच तेव्हाच्या बँडला शिव्या घातल्या होत्या, त्यात हा शब्द आहे. पुढे १९८७ मध्ये सब पॉप या लेबलने, म्हणजे छोट्या रेकॉर्ड कंपनीने, ग्रीन रिव्हर बँडच्या रेकॉर्डची जाहिरात करताना तो वापरला आणि मग ब्रिटिश मासिकांनी तो उचलला. ज्यांना हे नाव चिकटलं त्यातल्या जवळजवळ कुणालाच ते आवडलं नाही, हे मात्र लक्षात ठेवा.

पण सिएटलच का? न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस का नाही?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न. लोक पटकन सांगतात की तिकडे सारखा पाऊस, सारखं ढगाळ, म्हणून उदास गाणी. पावसाचं म्हणाल तर सिएटलला वर्षभरात मुंबईच्या निम्माही पडत नाही, फक्त तो आपल्यासारखा धो धो येऊन जात नाही, ऑक्टोबरपासून पार वसंतापर्यंत नुसती भुरभुर चालू असते. त्याचा उपयोग एवढाच की पोरं घराबाहेर न पडता तळघरात नाहीतर गॅरेजमध्ये तासन् तास वाजवत बसायची.

खरी कारणं वेगळी आहेत. एक म्हणजे सिएटल अगदी कोपऱ्यात. मोठे बँड दौऱ्यावर निघाले की कॅलिफोर्नियातूनच परत फिरायचे, वर यायचा खर्च परवडायचा नाही. मग करमणूक हवी तर स्वतःच करा. त्यात १९८५ साली महापालिकेने असा नियम काढला की अठरा वर्षांखालची मुलं येणार असतील तर कार्यक्रमाला दहा लाख डॉलरचा विमा आणि ठरावीक सुरक्षारक्षक हवेतच, म्हणजे छोट्या आयोजकांचा धंदाच बसला. मग गाणी घरांमध्ये, भाड्याच्या हॉलमध्ये, जिथे जागा मिळेल तिथे व्हायला लागली. पैसे मिळणार नाहीत, रेकॉर्ड कंपनीचा माणूस समोर बसलेला नाही, मग छान दिसायचं कुणासाठी आणि शहाण्यासारखं वाजवायचं कुणासाठी! समोर वीस माणसं, त्यातली पंधरा दुसऱ्या बँडमधली, त्यांना हलवलं की झालं.

आणि पैशाची ओढाताण होतीच. बोईंग ही तिथली मोठी विमान कंपनी, १९७० च्या आसपास तिची माणसं लाखभरावरून ४० हजारांच्या खाली आली होती, त्या मंदीच्या आठवणीत ही पोरं वाढली. निर्वाणाचा गायक कर्ट कोबेन आणि बेसवादक क्रिस्ट नोवोसेलिक ज्या ॲबरडीनचे ते तर लाकूडतोडीवर जगणारं गाव, तो धंदाही ऐंशीच्या दशकात आटत गेला. गाण्यांमध्ये जी अडकून पडल्याची भावना आहे ती मला तरी ढगांपेक्षा इथून आलेली वाटते.

पहिला ग्रंज बँड कोणता?

एक नाव घेतलं की दुसऱ्यावर अन्याय होतो. बहुतेक जण १९८४ चा ग्रीन रिव्हर सांगतात, आणि ते बरोबरही आहे कारण त्या एका बँडमधून मार्क आर्म आणि स्टीव्ह टर्नर मडहनीत गेले, स्टोन गोसार्ड आणि जेफ एमेंट आधी मदर लव्ह बोन आणि नंतर पर्ल जॅममध्ये. पण मेल्विन्स त्यांच्याही आधीपासून मॉन्टेसॅनो नावाच्या छोट्या गावात वाजवत होते आणि हळूहळू गाणं इतकं संथ करत गेले की ऐकणाऱ्याच्या छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटावं. १९८६ मध्ये सी-झेड रेकॉर्ड्सने डीप सिक्स नावाची एक रेकॉर्ड काढली, त्यात ग्रीन रिव्हर, मेल्विन्स, साउंडगार्डन, मालफंक्शन, स्किन यार्ड आणि यू-मेन असे सहा बँड एकत्र आले. फार विकली गेली नाही, पण तो पहिला कागदोपत्री पुरावा म्हणायचा.

आणि एक नाव जे वर्षानुवर्षं कुणी घेतलंच नाही, टीना बेल. ही कृष्णवर्णीय गायिका १९८३ पासून सिएटलमध्ये बॅम बॅम या बँडची मुख्य गायिका होती, आणि पुढे साउंडगार्डन आणि पर्ल जॅममध्ये गेलेला मॅट कॅमेरॉन त्या बँडचा सुरुवातीचा ड्रमर होता. २०१२ मध्ये ती गेली तेव्हा फारशी दखलही घेतली गेली नाही, आता कुठे लिहिलं जातंय. मला स्वतःला तिचं नाव फार उशिरा कळलं याचं वाईट वाटतं, कारण गोऱ्या लांबकेसवाल्या पोरांचं संगीत असं जे चित्र आपल्या डोक्यात बसलंय त्यात तिला जागाच ठेवली नव्हती.

सब पॉपचं एवढं काय कौतुक?

ब्रूस पॅव्हिट नावाच्या मुलाने १९८० मध्ये ऑलिम्पिया गावात एक छोटं मासिक काढलं, त्याचंच पुढे लेबल झालं आणि १९८८ मध्ये जोनाथन पोनमनबरोबर त्याने ते पूर्ण वेळ सुरू केलं. दोघांना एक गोष्ट पक्की कळली होती की एकेका बँडला कुणी ओळखत नाही, पण सिएटलचा आवाज म्हणून सगळ्यांना एकत्र पुढे केलं तर जग बघेल. म्हणून रेकॉर्डिंग बहुतेक सगळं जॅक एंडिनोकडे, फोटो चार्ल्स पीटरसनचे, घामाने निथळणारी पोरं आणि हवेत उडालेले केस, त्यामुळे पाच वेगळे बँड एकाच घरातले वाटायचे. वर्गणी भरून महिन्याला एक सिंगल, म्हणजे एक-दोन गाण्यांची रेकॉर्ड, घरपोच अशी योजना काढली, तिची पहिली रेकॉर्ड १९८८ मध्ये निर्वाणाची होती. १९८९ मध्ये मेलडी मेकर या इंग्लंडच्या मासिकाचा पत्रकार एव्हरेट ट्रू याला विमानाने बोलावून घेतलं, आणि त्याने लिहिल्यावर अमेरिकेच्या आधी इंग्लंडमध्ये बोलबाला झाला. खिशात मात्र दमडी नसायची, १९९१ मध्ये लेबल बुडायच्या बेतात होतं. निर्वाणा मोठ्या कंपनीकडे गेला तेव्हा विक्रीतला छोटा वाटा सब पॉपला मिळेल असं करारात होतं, त्यानेच ते तरले.

निर्वाणाचा पहिला अल्बम खरंच ६०० डॉलरमध्ये झाला?

हो. ब्लीच, १९८९, नेमका आकडा ६०६ डॉलर आणि १७ सेंट, सुमारे तीस तासांचं रेकॉर्डिंग. पैसे दिले जेसन एव्हरमन या मित्राने, त्याने त्यात एक सूरही वाजवलेला नाही तरी त्याचं नाव गिटारवादक म्हणून कव्हरवर आहे. हा एव्हरमन नंतर अमेरिकन सैन्यात रेंजर झाला आणि मग स्पेशल फोर्सेसमध्ये गेला.

ग्रंजचा आवाज ओळखायचा कसा?

गिटारपासून सुरू करू. फझ किंवा डिस्टॉर्शन पेडल म्हणजे पायाने दाबायची एक छोटी पेटी, गिटारमधून येणारा विजेचा सिग्नल ती इतका वाढवते की लाटेचे वरचे-खालचे शेंडे कापले जातात, आणि गोल गुळगुळीत सुराऐवजी करवतीसारखा खरखरीत, भरलेला आवाज येतो. मडहनीने आपल्या पहिल्या ईपीचं, म्हणजे छोट्या अल्बमचं, नावच अशा दोन पेडल्सवरून ठेवलं, सुपरफझ आणि बिग मफ. ही पेडल्स सत्तरच्या दशकातली, तेव्हा जुन्या बाजारात स्वस्तात मिळायची. म्हणजे परवडत होतं ते घेतलं आणि त्यातूनच ओळख तयार झाली.

दुसरं म्हणजे ड्रॉप डी ट्यूनिंग. गिटारची सगळ्यात जाड तार एक पूर्ण स्वर खाली उतरवायची. आपल्याकडे तंबोऱ्यात खर्जाची तार जमली की कशी सगळी खोली भरून जाते, तसा गिटारला खाली भक्कम आधार येतो, शिवाय एका बोटाने तीन तारा दाबून जड कॉर्ड वाजवता येते त्यामुळे हात वेगाने फिरतो. ही युक्ती मेल्विन्सच्या बझ ऑस्बोर्नकडून कळली असं साउंडगार्डनच्या किम थायिलने सांगितलंय. मी म्हणतोय ना, सगळं असं एकमेकांकडून. कर्ट आणि क्रिस्टची डेव्ह ग्रोलशी, म्हणजे पुढे निर्वाणाचा ड्रमर झालेल्याशी, ओळखही या बझनेच करून दिली.

तिसरी गोष्ट, हळू मग एकदम जोरात. कडवं जवळजवळ पुटपुटल्यासारखं, गिटार स्वच्छ, बेस पुढे, आणि ध्रुवपद आलं की सगळं अंगावर कोसळतं. हे बॉस्टनच्या पिक्सीज बँडकडून घेतलंय असं कर्टने स्वतः उघडपणे कबूल केलं होतं.

गायकी मात्र प्रत्येकाची निराळी. साउंडगार्डनच्या क्रिस कॉर्नेलचा आवाज वरच्या पट्टीत जाऊनही फाटायचा नाही, पर्ल जॅमच्या एडी वेडरचा खोल आणि छातीतून येणारा, ॲलिस इन चेन्सचे लेन स्टेली आणि जेरी कँट्रेल दोघं मिळून असे सूर लावायचे की एकाच वेळी गोडही वाटतं आणि पोटात ढवळूनही येतं. कर्टचा आवाज ओरडताना खरवडल्यासारखा होतो पण सूर सोडत नाही, हे नीट कान देऊन ऐका, मागे कितीही गोंगाट असला तरी चाल एखाद्या बालगीतासारखी सोपी असते आणि तीच डोक्यात घर करते.

लयीचंही बघा. साउंडगार्डनची आउटशाइन्ड आणि स्पूनमॅन ही गाणी सात मात्रांच्या हिशोबाने चालतात. ज्यांच्या कानात रूपक ताल मुरलाय त्यांना सात मात्रांचं नवल नाही, विभागणी आणि वजन अर्थात वेगळं, पण रेडिओवर चालणाऱ्या रॉकमध्ये हे क्वचितच व्हायचं. स्पूनमॅनमध्ये चमचे वाजवणारा कलाकार आर्टिस खरोखरच सिएटलच्या रस्त्यावर चमचे वाजवायचा.

मग हे मेटलच झालं की, फरक काय?

काही गाणी खरंच मेटलच आहेत, ॲलिस इन चेन्सचं डर्ट ऐकून मेटल नाही म्हणणं अवघड. फरक वृत्तीत आहे. त्या काळच्या हेअर मेटलमध्ये चमकणारे कपडे, लांबलचक सोलो, पार्टी आणि पोरींच्या गप्पा. इथे सोलो छोटा किंवा मुद्दाम वेडावाकडा, आणि गाणी अपराधीपणाची, एकटेपणाची, घरात झालेल्या त्रासाची.

१९९१ मध्ये नक्की काय झालं?

ऑगस्टच्या शेवटी पर्ल जॅमचा टेन आला, २४ सप्टेंबरला निर्वाणाचा नेव्हरमाइंड, ऑक्टोबरमध्ये साउंडगार्डनचा बॅडमोटरफिंगर. नेव्हरमाइंडच्या कंपनीने अमेरिकेत सुरुवातीला सुमारे ४६ हजार प्रतीच काढल्या होत्या. मग एमटीव्हीवर स्मेल्स लाइक टीन स्पिरिट या गाण्याचा, शाळेच्या जिमखान्यातला तो व्हिडिओ लागायला लागला आणि ११ जानेवारी १९९२ च्या बिलबोर्ड यादीत या अल्बमने मायकेल जॅक्सनच्या डेंजरसला पहिल्या नंबरवरून खाली आणलं. जगभर मिळून पुढे तीन कोटींहून जास्त प्रती खपल्या.

रेकॉर्डिंग लॉस एंजेलिसजवळच्या साउंड सिटी स्टुडिओत बुच विगने केलं आणि मिक्सिंग अँडी वॉलेसने, आवाज इतका चकचकीत झाला की नंतर बँडलाच तो खटकायला लागला. म्हणून १९९३ चा इन युटेरो त्यांनी स्टीव्ह अल्बिनीकडे मुद्दाम खडबडीत करून घेतला. मला विचाराल तर तोच त्यांचा सगळ्यात खरा अल्बम आहे.

या सगळ्यात बायका कुठे होत्या?

होत्याच, आणि ठळकपणे. टीना बेलचं वर सांगितलं. सेव्हन इयर बिच हा बायकांचा बँड सिएटलचा, एल-सेव्हन लॉस एंजेलिसचा, बेब्स इन टॉयलँड मिनियापोलिसचा, कर्टची बायको कोर्टनी लव्ह हिचा होल हा बँड आहेच. शेजारच्या ऑलिम्पियात बिकिनी किल बँडच्या कॅथलीन हॅना वगैरे मुलींनी रायट गर्ल ही पंकमधली स्त्रीवादी चळवळ उभी केली, आणि निर्वाणाच्या त्या सगळ्यात प्रसिद्ध गाण्याचं नाव हॅनाने कर्टच्या भिंतीवर लिहिलेल्या वाक्यातून आलंय. जुलै १९९३ मध्ये गिट्स बँडची गायिका मिया झपाटा हिचा रात्री घरी जाताना खून झाला. त्यानंतर तिच्या मित्रमैत्रिणींनी होम अलाइव्ह नावाची संस्था काढून स्वसंरक्षणाचे वर्ग सुरू केले, आणि निर्वाणा, पर्ल जॅम, साउंडगार्डन सगळ्यांनी तिच्यासाठीच्या निधीला हातभार लावला. खुनी सापडायला जवळपास दहा वर्षं गेली.

फ्लॅनेलचे चौकड्याचे शर्ट का घालायचे?

थंडी वाजायची म्हणून. फ्लॅनेल म्हणजे आपल्या आजीचं फलालीन, लाकूडतोड्यांचा रोजचा कपडा, जुन्या कपड्यांच्या दुकानात अगदी स्वस्तात मिळायचा. यात स्टाइल वगैरे काही नव्हती. पण नोव्हेंबर १९९२ मध्ये डिझायनर मार्क जेकब्सने पेरी एलिससाठी न्यूयॉर्कमध्ये ग्रंज कलेक्शन दाखवलं, त्यात फ्लॅनेल दिसावं म्हणून रेशमावर चौकडा छापला होता. टीकेची झोड उठली आणि त्याची नोकरी गेली. ज्या कपड्याचं महत्त्वच स्वस्तपणात होतं त्याची किंमत शेकडो डॉलर झाली, हे मला आजही खुपतं.

त्याच महिन्यात न्यूयॉर्क टाइम्सने ग्रंजवर मोठा लेख छापला आणि सोबत तिकडच्या पोरांच्या बोलीतल्या शब्दांची यादी दिली. ती यादी सब पॉपशी संबंधित मेगन जॅस्परने फोनवर बोलता बोलता जागच्या जागी रचलेली होती, एकही शब्द खरा नव्हता. नंतर थॉमस फ्रँकने बॅफलर मासिकात हे उघड केलं.

तिकिटांची लढाई काय होती?

पर्ल जॅमचं म्हणणं होतं की १९९४ च्या दौऱ्यात तिकीट १८ डॉलर ५० सेंटच्या आत हवं आणि वरचा सर्व्हिस चार्ज १ डॉलर ८० सेंटपेक्षा जास्त नको. टिकेटमास्टर या तिकीटविक्री कंपनीशी जमेना तेव्हा त्यांनी अमेरिकेच्या न्याय विभागाकडे मक्तेदारीची तक्रार केली, आणि ३० जून १९९४ ला स्टोन गोसार्ड आणि जेफ एमेंट काँग्रेसच्या समितीपुढे साक्षीला बसले. बरेच कार्यक्रम गेले, दुसऱ्या जागा शोधताना नाकीनऊ आले, आणि जुलै १९९५ मध्ये चौकशी गुंडाळली गेली. ते हरले, पण यशाच्या शिखरावर असताना ऐकणाऱ्याच्या खिशाचा विचार करून स्वतःचा तोटा करून घेणारे बँड मला तरी फार माहीत नाहीत. आज ऑनलाइन तिकीट काढताना शेवटच्या पानावर फी वाढलेली दिसते तेव्हा हे हमखास आठवतं.

इतके गायक तरुणपणी का गेले?

याचं एका वाक्यात उत्तर देणं मला बरोबर वाटत नाही. सिएटलमध्ये तेव्हा हेरॉइन सहज मिळायचं. मदर लव्ह बोनचा अँड्र्यू वुड मार्च १९९० मध्ये ओव्हरडोसने गेला, अवघा २४ वर्षांचा. त्याचा रूममेट होता क्रिस कॉर्नेल, त्याने मित्राच्या आठवणीत गाणी लिहिली आणि त्यातून टेम्पल ऑफ द डॉग हा अल्बम झाला. त्यात साउंडगार्डन आणि पुढे पर्ल जॅम झालेली मंडळी एकत्र आहेत. ५ एप्रिल १९९४ ला कर्ट कोबेनने आत्महत्या केली, वय २७. बरोबर आठ वर्षांनी त्याच तारखेला लेन स्टेली ओव्हरडोसने गेला. २०१७ मध्ये क्रिस कॉर्नेलनेही स्वतःला संपवलं.

कर्टला पोटाचं जुनं दुखणं होतं, व्यसन होतं, नैराश्य होतं, आणि ज्या गर्दीपासून लांब राहायचं तीच अंगावर आली होती. पण मृत्यूमुळे गाणी खरी ठरतात अशी जी समजूत आहे ती डोक्यातून काढून टाका, गाणी आधीपासूनच खरी होती. आणि हे वाचणाऱ्या कुणाला आत्ता असं अंधारून आलेलं असेल तर १४४१६ ही टेलिमानस हेल्पलाइन मोफत आहे, मराठीतही बोलता येतं, फोन करा.

ग्रंज संपलं का?

लाट ओसरली, १९९७ मध्ये साउंडगार्डन फुटला तिथे बहुतेक जण रेघ मारतात. पण तोवर आणि नंतरही ऑस्ट्रेलियातल्या पोरांचा सिल्व्हरचेअर, इंग्लंडचा बुश, मग क्रीड, निकलबॅक असं पोस्ट-ग्रंज रेडिओवर जोरात होतं. त्यात आवाजाची नक्कल दिसते, आजूबाजूचं गाव दिसत नाही. पर्ल जॅम आणि मडहनी मात्र कधी थांबलेच नाहीत.

भारताशी काही संबंध?

आहे, आणि थेट आहे. किम थायिलचे आई-वडील केरळचे. म्हणजे साउंडगार्डनचा तो जड, वळसे घेणारा गिटारचा आवाज एका मल्याळी घरातल्या मुलाचा. आणि एडी वेडरने डेड मॅन वॉकिंग या चित्रपटासाठी नुसरत फतेह अली खान यांच्याबरोबर दोन गाणी गायली आहेत. खाँसाहेबांचा आलाप आणि वेडरचा खर्ज एकत्र ऐकताना कुणी कुणाच्या घरी पाहुणा आलाय असं वाटतच नाही.

आपल्याकडे हे सगळं आलं ते केबलवर. १९९१ नंतर स्टार टीव्हीबरोबर एमटीव्ही दिसायला लागला. आमच्या वेळी कॉलेजच्या रॉक स्पर्धांत पर्ल जॅमचं एक तरी गाणं झाल्याशिवाय संध्याकाळ पुरी व्हायची नाही, आणि समोरची सगळी पोरं, इंग्रजी धड बोलता न येणारीसुद्धा, शब्द न शब्द म्हणायची.

नवीन आहे, कुठून ऐकायला घेऊ?

निर्वाणाच्या एमटीव्ही अनप्लग्डपासून. १८ नोव्हेंबर १९९३ ला न्यूयॉर्कमध्ये झालेला कार्यक्रम, फझ जवळजवळ नाही, त्यामुळे चाली किती भक्कम आहेत ते कळतं. मग ॲलिस इन चेन्सचा जार ऑफ फ्लाइज, मग साउंडगार्डनचा सुपरअननोन पूर्ण, आणि मग मडहनी, आवाज वाढवून. मेल्विन्स शेवटी, आणि घाईत ऐकू नका.

सिएटलला राहतो किंवा जाणार आहे, काय बघू?

बेलव्ह्यू-रेडमंडला आयटीत असलेली बरीच मराठी मंडळी हे विचारतात. पॉप कल्चरचं म्युझियम आहेच, बाहेर क्रिस कॉर्नेलचा पुतळा आहे. कर्टच्या घराशेजारच्या व्हिरेटा पार्कमधल्या बाकांवर लोक कर्टसाठी चार शब्द लिहून जातात. दिवसभराचा वेळ असेल तर गाडीने ॲबरडीनला जा, गावाच्या वेशीवरच्या पाटीवर निर्वाणाच्या गाण्याचं नाव आहे.

पण माझी आवडती जागा म्हणजे मॅग्नुसन पार्कला लागून असलेल्या हवामान संस्थेच्या आवारातलं अ साउंड गार्डन हे शिल्प, ज्यावरून बँडने नाव घेतलं. डग्लस हॉलिसने केलेले पोलादी मनोरे आणि त्यांना लावलेल्या ऑर्गनसारख्या नळ्या. सरकारी जागा असल्यामुळे आधी चौकशी करून जा. हवा पडलेली असेल तर काही ऐकू येत नाही, थोडं थांबा, तळ्यावरून वारा सुटला की नळ्या खालच्या सुरात घुमायला लागतात.